कॅम्परव्हॅनला पडवी जोडायचीय? ऑनिंग घ्यायच्या आधी हे वाचा

ओळखीतल्या तिसऱ्या घराने परवा कॅम्परव्हॅन घेतली आणि तिसऱ्यांदा मला तोच फोन आला, "अगं, ते ऑनिंग कुठलं घेऊ?" आता प्रत्येकाला तासभर फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते, कारण आमचे हात चांगलेच पोळलेत.

आमची व्हॅन म्हणजे २०११ ची व्हीडब्ल्यू (फोक्सवॅगन) टी५, शॉर्ट व्हीलबेस (लांबीला आखूड), वर पॉपटॉप (उचलून उघडायचं छप्पर). आम्ही दोघं आणि सात वर्षांची मुलगी, तिघांना व्हॅन पुरते. पण साताऱ्याहून सासू-सासरे सहा महिन्यांसाठी इथे ब्रिटनला येतात तेव्हा पाच माणसं होतात आणि झोपायला जागा चारच. खाली बेडवर आई-बाबा, वर पॉपटॉपमध्ये मी आणि मुलगी, आणि नवरा? म्हणून ऑनिंग. आपल्याकडे घराला पुढे पडवी काढतात ना, तसली पडवी, फक्त कापडाची आणि गुंडाळून पिशवीत जाणारी.

पहिलं ऑनिंग आम्ही घाईत घेतलं, सेकंडहँड, स्वस्तात, लेक डिस्ट्रिक्टला जायच्या चार दिवस आधी. ते उंच व्हॅनसाठीचं आहे हे पिशवीच्या लेबलवर लिहिलेलं होतं आणि आम्ही ते वाचलंही होतं, पण वाटलं थोडं उंच असलं तर काय बिघडतंय. बॉरोडेलमध्ये उतरलो. तिथलं सीथवेट हे इंग्लंडमधलं सगळ्यात जास्त पावसाचं वस्तीचं ठिकाण म्हणून ओळखलं जातं, वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या आंबोलीच्या निम्मा. सासरे म्हणाले, "हात्तिच्या, एवढाच?" रात्री दोन वाजता व्हॅन आणि ऑनिंगच्या मधलं ढिलं लोंबणारं कापड पखालीसारखं फुगलं आणि सगळी पखाल चेनमधून नवऱ्याच्या स्लीपिंग बॅगवर रिकामी झाली. दोष कोणाचा नाही, आमचाच. टेप घेऊन दहा मिनिटं मोजलं असतं तर वाचलो असतो.

## १. आधी ठरवा, रोज व्हॅन हलवणार का?

दुकानात जायच्या आधी हा एकच प्रश्न घरात बसून सोडवा. एका जागी तीन-चार दिवस मुक्काम आणि रोज सकाळी व्हॅन घेऊन भटकायला जायचं, की आज इथे उद्या तिथे, फक्त दुपारी सावलीत चहा प्यायचा? यावरून प्रकार ठरतो.

वाइंड-आउट. व्हॅनच्या कडेला पक्की बसवलेली पेटी, आकडा घालून हँडल फिरवलं की छत बाहेर येतं, दोन पाय खाली टेकवायचे. फियामा आणि थुले ही नावं सगळीकडे ऐकाल. टी५ च्या शॉर्ट व्हीलबेसला साधारण २.६ मीटरची बसते. दोन मिनिटांत सावली. पण भिंती नाहीत (वेगळ्या घेता येतात, जोडायला वेळ जातो), वारा आला की मिटवायची, आणि व्हॅन हलवायची तर सगळं आवरून. शिवाय जवळपास २० किलो वजन कायम उंचावर लटकवून फिरता.

सन कॅनपी. नुसतं कापड आणि दोन दांडे. स्वस्त, हलकं, कपाटात कुठेही मावतं. एकट्या-दुकट्याला किंवा नवीन माणसाला मी हेच सांगते, पहिला उन्हाळा यावर काढा आणि मग बघा आणखी काही हवंय का.

ड्राइव्ह-अवे. हा खरा तंबू, स्वतःच्या पायावर उभा राहणारा, व्हॅनशी एका बोगद्यासारख्या कापडाने जोडलेला. सकाळी बोगदा सोडवायचा, व्हॅन घेऊन जायचं, खुर्च्या-भांडी-बिछाने तिथेच, संध्याकाळी येऊन परत जोडायचं. मुलंबाळं, आई-वडील बरोबर असतील तर हेच. पुढचं बरंचसं यावरच आहे.

टेलगेट. मागचा दरवाजा वर उचलून त्याला जोडायचं. आंघोळीला, कपडे बदलायला, सायकली ठेवायला छान. पण टेलगेट सतत उघडं, म्हणजे थंडी थेट बेडवर. आणि मागे दोन पाखांचे दार असेल तर यातली बरीच मॉडेल बसतच नाहीत, तेवढं विचारून घ्या.

वाइंड-आउट घेऊन मग ड्राइव्ह-अवेही घेणारे असतात. चालतं. वाइंड-आउटच्या पेटीलाच पुढे खाच असते, तिच्यात ड्राइव्ह-अवे अडकवता येतं, फक्त छत तेव्हा मिटलेलं ठेवायचं.

## २. टेप घेऊन व्हॅनपाशी जा

सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि सगळे नेमकी हीच टाळतात. सपाट जागेवर व्हॅन लावा. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये लावलीत तरी चालेल, लोक बघतात, बघू दे.

पहिलं माप जोडण्याची उंची. जमिनीपासून जिथे ऑनिंग अडकणार त्या खाचेपर्यंत किंवा पट्टीपर्यंत. व्हॅनची एकूण उंची नव्हे! ब्रोशरमधली उंची वाचून ऑर्डर देणारे इथेच फसतात. आमची टी५ एकूण दोन मीटरच्या थोडी आत आहे पण खाचेपर्यंत मोजली तर १८९ सेंटिमीटर भरली. लो, स्टँडर्ड, हाय असे गट असतात. लो म्हणजे साधारण १८० ते २१० सेंटिमीटर, यात टी४ ते टी६ सारख्या व्हॅन येतात. हाय म्हणजे साधारण २४० च्या पुढे, डुकाटोसारख्या उंच छपराच्या व्हॅनसाठी. मधला गट कुठे सुरू होतो ते प्रत्येक कंपनीचं वेगळं, त्यामुळे "लो" या शब्दावर जाऊ नका, आकडा बघा. आणि तुमचा आकडा त्यांच्या पट्ट्याच्या अगदी काठावर येत असेल तर दुसरं मॉडेल शोधा, कारण गवतावर चाकं दोन इंच खाली जातात आणि काठ ओलांडला जातो. व्हॅन लोअर केलेली (मुद्दाम खाली बसवलेली) असेल तर हे दुप्पट लागू.

दुसरं, दाराची बाजू. इथल्या व्हॅनना सरकतं दार डावीकडे, फुटपाथच्या बाजूला असतं. जर्मनीतून वगैरे आणलेल्या लेफ्टहँड व्हॅनला ते उजवीकडे. ड्राइव्ह-अवे बहुतेक दोन्हीकडे चालतात, पण वाइंड-आउटचे ब्रॅकेट आणि हँडल बाजूप्रमाणे बदलतात, ऑर्डर देताना स्पष्ट सांगा.

तिसरं, दाराची रुंदी आणि दार पूर्ण मागे सरकल्यावर कुठे येतं. बोगद्याचं तोंड त्यापेक्षा अरुंद असेल तर दार उघडताना कापड घासतं, वर्षभरात तिथेच फाटतं.

चौथं, पॉपटॉप. हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. काही ऑनिंग छपरावरून पट्टे टाकून पलीकडच्या चाकाला बांधायची असतात. पट्टे टाकले की पॉपटॉप उघडत नाही. आणि पॉपटॉप आधी उघडून मग पट्टे टाकायचे म्हटलं तर त्याचं कापड दबतं. वर कोणी झोपणार असेल तर पट्ट्यांचा विचार सोडून द्या, खाचच हवी.

हे चारही आकडे फोनमध्ये लिहून ठेवा आणि व्हॅनचा कडेने एक फोटो काढून ठेवा. दुकानात उभं राहून "टी५ आहे हो, नेहमीची" असं सांगून भागत नाही.

## ३. जोडायचं कशाने

इथे शब्दांचा गोंधळ फार होतो म्हणून सावकाश सांगते.

ऑनिंगच्या काठाला एक गोल दोरीसारखी शिवण असते, आपल्या परकराच्या नेफ्यात नाडी भरून नेफाच शिवून टाकला तर जशी लागेल तशी. तिला काडोर किंवा बीडिंग म्हणतात. ही व्हॅनच्या खाचेत एका टोकाने घालून सरकवत न्यायची. जाडी साधारण ४ किंवा ६ मिलिमीटर. खाच ६ ची आणि काडोर ४ चा असेल तर वाऱ्याच्या पहिल्या झटक्याला निसटून येतो, उलट असेल तर आतच जात नाही. बऱ्याच ऑनिंगला दोन काठ असतात, एका बाजूला ४ एका बाजूला ६, पण बघून घ्या.

थेट काडोर घातला तर ऑनिंग जोडलं गेलं, पण व्हॅन बाहेर काढताना आख्खी पट्टी परत सरकवत काढायला लागते, एकट्याने होत नाही. त्यासाठी ड्राइव्ह-अवे किट घ्यायचं. त्यात मधे एक प्लास्टिकची पट्टी असते जिला फिगर ऑफ एट म्हणतात, कापून बघितली तर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दिसते (आपल्या ८ सारखी नाही, माझ्या सासऱ्यांनी पट्टी हातात घेऊन बराच वेळ आपला आठ शोधला). एका पोकळीत व्हॅनकडचा काडोर, दुसऱ्या पोकळीत ऑनिंगचा. निघायच्या वेळी फक्त ही पट्टी कडेने ओढून काढायची, दोन्ही बाजू मोकळ्या. एक मीटरच्या तीन तुकड्यांत मिळते ती घ्या, आख्खी अडीच-तीन मीटरची व्हॅनमध्ये ठेवायला जागा नसते आणि ओढून काढायला शेजारच्याच्या तंबूपर्यंत जावं लागतं. खाचेत थोडा सिलिकॉन स्प्रे मारा. खोबरेल नका लावू, आम्ही लावलं, धूळ चिकटून काळं झालं.

तुमच्या व्हॅनला खाच आहे का? जुन्या टी२, टी२५ ला छपराच्या कडेला पन्हळ असते, तिला क्लॅम्प आणि दांडा लावून काम होतं. टी५-टी६ ला पन्हळ नाही. पॉपटॉप बसवताना कन्व्हर्टरने (व्हॅनचा कॅम्पर करून देणाऱ्याने) रेल, म्हणजे खाच असलेली पट्टी, लावून दिलेली असेल तर सुटलात. नसेल तर रेल बसवून घ्या, कामाच्या माणसाकडून, कारण सीलंट नीट नाही लागलं तर पाणी आत उतरतं आणि गंज चढतो. चुंबकाच्या पट्ट्याही मिळतात. उन्हाळ्यातल्या शांत संध्याकाळी ठीक आहेत. वेल्सच्या किनाऱ्यावर मी त्यांच्यावर भरवसा ठेवणार नाही.

## ४. हवा की दांडे

हवेचं, म्हणजे पंपाने फुगवायचे खांब. एका माणसाला पंधरा-वीस मिनिटांत उभं करता येतं. दांड्यांचं स्वस्त पडतं, हलकं असतं, पण दोन माणसं लागतात आणि लग्न नवीन असेल तर जपून.

आम्ही दुसऱ्यांदा हवेचं घेतलं. किती हवा भरायची ते व्हॉल्व्हपाशी किंवा पत्रकात लिहिलेलं असतं, पंपावर काटा असतो, त्याप्रमाणे भरा, अंदाजाने नको. एक गोष्ट लक्षात ठेवा, हवा उन्हात फुगते आणि थंडीत आक्रसते. दुपारी कडक ऊन असेल तर थोडी सोडा, पहाटे खांब मऊ लागला तर घाबरू नका, भोक पडलेलं नसतं, थंडी असते. खरंच भोक पडलं तर बाहेरच्या कव्हरची चेन उघडून आतली नळी काढून पॅच मारता येतो, सायकलची ट्यूब ज्याने कधी पंक्चर काढलीय त्याला हे जमतं. सासऱ्यांनी परातीत पाणी घेऊन बुडबुडे बघून भोक शोधलं, कॅम्पसाइटवरची चार गोरी माणसं बघायला जमली होती.

वजन मात्र बघा. हवेची ड्राइव्ह-अवे १२-१५ किलोपासून २५ किलोपर्यंत सहज जातात, आणि ती पिशवी प्रवासात गाडीत पाच माणसं बसल्यावर कुठे ठेवणार हे आधी ठरवा.

## ५. कापड

दोन आकडे दिसतील. हायड्रोस्टॅटिक हेड म्हणजे कापडावर किती उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते गळत नाही, ३०००, ४०००, ६००० मिलिमीटर असं लिहितात. ३००० इथल्या पावसाला पुरतं. डेनियर म्हणजे धाग्याची जाडी, ७० म्हणजे पातळ, १५० मधलं, ३०० च्या पुढे दणकट आणि जड. पण मी सांगते, गळतं ते कापड नाही, गळते शिवण. शिवणींना आतून टेप लावलीय का ते बोट फिरवून बघा.

दुसरं म्हणजे पॉलिस्टर आतून घामेजतं. सकाळी छताला हात लावलात की टपटप. ते पावसाचं पाणी नसतं, तुमच्याच श्वासाचं असतं. वर दोन समोरासमोर झडपा असतील तर ते पुष्कळ कमी होतं. पॉलिकॉटन कमी घामेजतं पण महाग, जड, आणि वाळायला दोन दिवस.

## ६. केवढं मोठं?

जितकं मोठं तितकं चांगलं, असं दुकानात वाटतं. पिचवर, म्हणजे साइटवर तुम्हाला दिलेल्या जागेवर, गेल्यावर कळतं. साइटवर पिच ठरावीक मापाचं असतं आणि आग लागली तर पसरू नये म्हणून दोन व्हॅनमध्ये सहा मीटर अंतर ठेवायचा नियम बऱ्याच ठिकाणी असतो, ऑनिंग धरून मधे मोकळी जागा सोडायला लागते. बुकिंग करतानाच ऑनिंगचं माप सांगा. काही साइट ऑनिंगचे वेगळे पैसे लावतात, काही ठिकाणी छोट्या पिचवर ऑनिंग चालतच नाही.

आमच्यासाठी साधारण तीन मीटर बाय तीन मीटर पुरलं. आत एका कोपऱ्यात लटकवायचा झोपायचा कप्पा, आणि दुसऱ्या कोपऱ्यात पडदा लावून पोर्टापॉटी, म्हणजे उचलून नेता येणारं छोटं टॉयलेट. या दुसऱ्या कोपऱ्याबद्दल कोणी उघड बोलत नाही म्हणून मी बोलते. पहिल्या रात्री सासूबाई म्हणाल्या, "अगं, रात्री एवढ्या थंडीत त्या टॉयलेटच्या शेडपर्यंत कोण जाणार, तेही टॉर्च घेऊन?" मी म्हटलं, "आई, तुम्ही मला उठवा, मी येते." त्या उठवायच्या नाहीत, नुसत्या जाग्या पडून राहायच्या. पडद्यामागे पोर्टापॉटी ठेवली त्या दिवशी त्यांना पहिली झोप लागली. घरातली वयस्कर माणसं बरोबर येणार असतील तर ऑनिंग बघताना खिडक्या-बिडक्यांच्या आधी हा कोपरा बघा.

## ७. कागदपत्रं

फार नाहीत पण आहेत.

- व्ही५सी, म्हणजे लॉगबुक, गाडीचं नोंदणीपत्र. साधी व्हॅन घेऊन तुम्ही स्वतः कॅम्पर करताय आणि डीव्हीएलएकडे (इथलं गाड्यांच्या नोंदणीचं सरकारी खातं) बॉडी टाइप बदलून "मोटर कॅरॅव्हॅन" करून घ्यायचाय, तर बाहेरून दिसणाऱ्या कायमच्या गोष्टी बघतात. खिडक्या, राहायच्या जागेचं वेगळं दार, दोन्ही बाजूंना कॅम्परसारखी ग्राफिक्स, उंच छप्पर (पॉपटॉप यात धरत नाहीत) आणि बाजूला बसवलेली ऑनिंगची पट्टी. तंबूसारखं ड्राइव्ह-अवे पिशवीत ठेवलं तर ते यात मोजत नाहीत. पट्टी लावली म्हणजे झालंच असंही नाही, पण अर्जाबरोबर पाठवायच्या फोटोंमध्ये ती नीट दिसू दे.
- इन्शुरन्स. वाइंड-आउट बसवली की तो गाडीतला बदल झाला, कंपनीला कळवा. ड्राइव्ह-अवे पॉलिसीत धरलंय का, आणि वादळाने फाटलं तर देतात का, हे लेखी विचारा. "ऑनिंग कव्हर्ड" एवढं वाचून थांबू नका, खालची बारीक अक्षरं वाचा.
- बिल आणि पिशवीवरच्या लेबलचा फोटो. सुटे भाग मागवताना मॉडेलचं नाव आणि साल लागतं, आणि दोन वर्षांत लेबल पुसलं जातं.

## ८. सेकंडहँड घेताना

वाईट नसतं, आमचं सध्याचंही सेकंडहँडच आहे, साधारण निम्म्या किमतीत मिळालं. पण विकणाऱ्याला सांगा, बागेत उभं करून दाखवा. "सगळं आहे आत, फक्त पिशवी उघडलेली नाही" असं कोणी म्हटलं तर घरी परत या.

फुगवून तासभर तसंच ठेवायला सांगा, चहा प्या, मग खांब दाबून बघा. सगळ्या चेन दोन्ही बाजूंनी ओढा. कोपऱ्यात नाक घालून वास घ्या, कुबट वास येत असेल तर बुरशी आहे आणि तो वास जात नाही, आम्ही व्हिनेगरपासून उन्हापर्यंत सगळं केलंय. बोगद्याचा वरचा काठ आणि काडोर शिवलाय ती जागा बघा, फाटायला तिथूनच सुरुवात होते. आणि टेप घेऊन जा, हो, परत टेप.

## ९. बरोबर काय काय लागतं

- रबरी किंवा लाकडी हातोडा
- खडीच्या पिचसाठी जाड लोखंडी खुंट्या (ऑनिंगबरोबर ज्या येतात त्या तारेसारख्या असतात, पहिल्याच दगडाला वाकतात)
- दोन तरी स्टॉर्म स्ट्रॅप (वाऱ्यात ऑनिंग जमिनीला बांधून ठेवायचे पट्टे)
- खाली घालायला हवा जाऊ देणारी जाळीदार चटई, कारण प्लास्टिकखाली गवत पिवळं पडतं आणि बऱ्याच साइट ते चालवून घेत नाहीत
- चाकांखाली घालायच्या पाचरी
- गॅफर टेप, पॅचचं पाकीट, सिलिकॉन स्प्रे
- झाडू आणि सुपली. हसू नका, चिखल

हुकअप (पिचवर मिळणारी विजेची जोडणी) घेणार असाल तर ऑनिंगला वायर आत घ्यायची छोटी चेन आहे का बघा. आणि पिच किती अँपिअरचं आहे ते विचारून घ्या. १० अँपिअर म्हणजे २३०० वॉट, घरची तीन हजार वॉटची किटली लावलीत की वीज ट्रिप होऊन जाणार. इंडक्शनवर कुकर आणि बाजूला हीटर, हे तर विसराच.

## १०. उभं करताना

पहिल्यांदा घरी, नाहीतर एखाद्या मोकळ्या जागेत उभं करून बघा. अंधारात, पावसात, पोरं रडताना पत्रक वाचायची वेळ येऊ देऊ नका.

१. वारा बघा. इथे बऱ्याचदा नैर्ऋत्येकडून येतो. दार डावीकडे आहे तर व्हॅनची उजवी बाजू वाऱ्याकडे करा, व्हॅनच भिंत होते. साइटने पिचवर गाडी कशी लावायची ते ठरवून दिलेलं असेल तर इलाज नाही.

२. आधी ऑनिंग जमिनीवर पसरा, व्हॅनकडचं तोंड सरळ येतंय बघा, कोपऱ्याच्या खुंट्या मारा, मग हवा भरा. उलट केलंत तर पतंग होतो.

३. व्हॅन जोडा. कापड ताणलेलं पण ओढलेलं नाही. बोगद्यावर हात ठेवून दाबा, खोलगट राहत असेल तर पाणी साठणार, व्हॅन अर्धा फूट मागेपुढे घ्या.

४. आता महत्त्वाचं, चाकांच्या जागी खूण करा. पुढच्या आणि मागच्या चाकाशेजारी एकेक रंगीत खुंटी ठोका. दिवसभर फिरून आलात की नेमकं त्याच जागी गाडी लावायला लागते, चार इंच चुकलं तर पट्टी बसत नाही. नवरा गाडीत, मी बाहेर, "अजून थोडी, थोडी, बस बस बस!" असं पार्किंगवाल्यासारखं ओरडणं हा आमच्या ट्रिपचा रोजचा कार्यक्रम होता. खुंट्या ठोकायला लागल्यापासून शेजाऱ्यांची करमणूक बंद झाली.

५. निघताना बोगद्याचं तोंड चेनने बंद करून खाली खुंटी मारून जा. तसंच उघडं सोडलं तर वारा आत शिरून आख्खं ऑनिंग उचलतो.

वाइंड-आउट असेल तर पावसात एक पाय दुसऱ्यापेक्षा खाली ठेवा म्हणजे पाणी एका बाजूने ओघळतं. रात्री झोपताना आणि बाहेर जाताना मिटवाच. आणि रस्त्याकडेच्या ले-बायमध्ये, समुद्रकिनाऱ्याच्या पार्किंगमध्ये ऑनिंग उघडू नका. नुसती गाडी उभी असली की बरेचदा कोणी काही म्हणत नाही, पण ऑनिंग उघडलं की तुम्ही तिथे मुक्काम टाकलाय हे लांबून दिसतं. स्कॉटलंडमध्ये कुठेही राहता येतं असं ऐकलं असेल, तो २००३ च्या लँड रिफॉर्म कायद्यातला हक्क गाडीला लागू नाही, पायी जाऊन तंबू टाकणाऱ्याला आहे.

## ११. आत पेटवायचं काही नाही

इथे मी मस्करी करणार नाही. बार्बेक्यू ऑनिंगच्या आत कधीही आणायचा नाही, विझला असं वाटत असलं तरीही नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड येत राहतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि थंडी वाजते म्हणून अर्धवट विझलेला बार्बेक्यू आत घेऊन झोपलेली माणसं या देशात मेलेली आहेत. आपल्याकडे शेगडी घरात पेटवायची सवय असते, वडीलधाऱ्यांना हे नीट समजावून सांगा. गॅसचा स्टोव्हसुद्धा बाहेर, नाहीतर पूर्ण उघड्या दारापाशी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म एक व्हॅनमध्ये आणि कोणी ऑनिंगमध्ये झोपणार असेल तर एक तिथेही.

फोडणी बाहेरच द्या. वाफ आणि तेल कापडात बसतं. आमच्या पहिल्या ऑनिंगला शेवटपर्यंत लसणाचा वास होता.

## १२. ओलं गुंडाळून आणलंत तर

आणालच, कारण रविवारी सकाळी चेकआउटच्या वेळेला पाऊस नसेल असं होत नाही. ओलं पिशवीत भरून आणायला हरकत नाही, पण दुसऱ्या दिवसापर्यंत उघडून वाळवायचंच, दोन दिवसांच्या वर ठेवलंत की काळे ठिपके आले.

बाग असेल तर दोरीवर. नसेल तर, आमच्यासारखं टेरेस्ड घर असेल तर, जिन्याच्या कठड्यावर. वरच्या मजल्यावरून खाली सोडायचं, खाली जुने टॉवेल, घरातली एक खिडकी उघडी. काडोरची बाजू वर ठेवा, तिथे पाणी सगळ्यात जास्त राहतं. चेनमधली माती जुन्या टूथब्रशने काढा. साबण किंवा डिटर्जंट लावू नका, वरचा पाणी झटकणारा थर निघून जातो. तो थर गेला की पाणी मोत्यांसारखं न घरंगळता कापडात मुरायला लागतं, मग फॅबसिल किंवा निकवॅक्ससारखं काहीतरी वॉटरप्रूफिंग मारायचं, कोरड्या दिवशी, दारं उघडी ठेवून.

घडी घालताना दोन माणसं लागतात आणि यात सासूबाईंना तोड नाही. नऊवारी घडी घालायची सवय, एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या, मधे झटका, अर्धं, पुन्हा अर्धं, हवा काढत काढत गुंडाळी. पत्रकात दाखवलेल्या पद्धतीने ते पिशवीत कधीच गेलं नव्हतं. त्यांच्या घडीने जातं, आणि चेनही लागते.